हळदीला ऊन सोसत न्हाई

माझ्या बायकोचे हात कधीच हाताच्या रंगाचे नव्हते. मनगटापर्यंत पिवळे, नखांच्या कडेला काळे, आणि बाजार करून आली की पुढचे चार दिवस कांद्याच्या सालीसारखे तांबूस. शेवटच्या वर्षी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिथल्या नर्सबाईने तिचा हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कावीळ कधीपासून आहे?" ही म्हणाली, "लगीन व्हायच्या आधीपासनं." नर्सबाईने ते कागदावर लिहूनही घेतलं म्हणे. हे मला मुलाने सांगितलं, कारण मी तिथे नव्हतो. मी घरी होतो. घरी राहून मी काय केलं ते सांगायलाच हे लिहितोय. पण आधी ती कशी होती ते सांगितल्याशिवाय त्याचा काही अर्थ लागायचा नाही.

तिचं माहेर दिग्गी, आमच्याहून आणखी आत, दाट रानात. आमचं गाव नंदिगड्डेच्या बाजूचं, म्हणजे आम्हीही रानातलेच. पण दिग्गीच्या माणसाला रानटी म्हणायला आम्हाला तेवढं अंतर पुरत होतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून गाव तिला दिग्गीकारीण म्हणू लागलं, मीही तेच म्हणू लागलो. बापाने ठेवलेलं नाव होतं तिला. चांगलं होतं. त्या नावाने मी तिला हाक मारल्याचं मला आठवत नाही. ती मला 'अवो' म्हणायची, मी तिला 'दिग्गीकारणी'. सगळा संसार तेवढ्यावर निभावला.

तिच्या लहानपणी दिग्गीला कापड म्हणजे कोरा मांजरपाट. सुपा गाव तेव्हा अजून धरणाच्या पाण्याखाली गेलं नव्हतं. बाप वर्षातून एकदा तिथल्या बाजारातून आणायचा. रंगीत घ्यायची ऐपत नाही, म्हणून आई घरातच रंग द्यायची. चुलीपाशी जे असेल त्याचा. हळद, कांद्याची सालं, चहाचा चोथा, रानातला हिरडा. ही विद्या घेऊन दिग्गीकारीण माझ्या घरात आली आणि माझ्या घरातलं एक फडकं पांढरं राहिलं नाही. उशीचे अभ्रे, पोराची झबली, दूध गाळायचं फडकंसुद्धा. जोयड्याच्या बाजारात ती कांदेवाल्यासमोर बसून खाली पडलेली सालं गोळा करायची. तो विचारायचा, "अक्का, कांदा किती देऊ?" ही म्हणायची, "कांदा घरात हाय. तुझी सालं दे." मी दोन दुकानं पलीकडे जाऊन उभा राहायचो. जशी काही ती माझी कोणीच नाही.

परसात न्हाणीच्या मागे तिचं एक मडकं असायचं. त्यात गंजका कोयता, मोडके खिळे, गुळाचा खडा आणि पेजेचं पाणी. पंधरा-वीस दिवस ते तसंच आंबत ठेवायचं. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं कापड त्यात बुडवलं की डोळ्यांदेखत रंग बदलायचं. जास्त बुडवलं तर काळं, जरासं बुडवलं तर राखेसारखं. पण वास! उंदीर मरून पडल्यासारखा. एकदा पाहुणे आलेले असताना मी रागाने त्या मडक्याला लाथ घातली. मडकं फुटलं, पाणी अळवात गेलं. ती आली, खापरं वेचली, कोयता धुऊन घेतला आणि म्हणाली, "वास जातोय अवो. रंग ऱ्हातोय." दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवं मडकं. मी मनात म्हटलं, काय हट्टी बाई आहे.

तिचा दुसरा हट्ट सावलीचा. आमच्याकडे पाच महिने पाऊस. घरात टांगलेल्या कापडाला मिशी फुटावी तशी बुरशी फुटते. म्हणून दसरा झाला, नीट ऊन पडलं, की सगळा गाव ट्रंका उघडून अंगणात मांडतो. वाकळा, घोंगड्या, लग्नातले शालू, म्हाताऱ्यांच्या टोप्या. कुंपणावर बोटभर जागा उरत नाही. ही मात्र आपली कापडं पडवीच्या आत दोरीवर टांगणार. दोन-दोन दिवस ती सुकायची नाहीत. शेजारची शेवंताक्का कुंपणावरून ओरडायची, "काय गं वैनी, कापडं बाळंतीण हायती व्हय तुझी? उन्हात येत न्हाईत ती?"

ही आतूनच सांगायची, "हळदीला ऊन सोसत न्हाई गं. उडून जाती."

"मग कशाला लावतीस असली पळपुटी हळद?"

"तुझा न्हवरा पळपुटा, तू न्हाई का नांदलीस?"

दोघी हसायच्या. हळदीला ऊन सोसत न्हाई, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? बैल गळ्यातली घंटा ऐकतो तसं ऐकलं. रोज वाजत होती, म्हणून कधी ऐकू आली नाही.

सुनेला मात्र सासूची ही कला आवडायची. सून रामनगरची, खानापूरकडून येऊन तिथे दुकान टाकलेल्या घरातली. लग्नानंतर दोघं रामनगरलाच राहायची; ती पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने हौसेने सासूचा पिवळा टॉवेल साबणाच्या पावडरीत भिजवला. टॉवेल लालभडक झाला. पोर किंचाळत परसातून आत आली, "आत्ती, रगत!" दिग्गीकारणीने टॉवेल हातात घेतला आणि त्यावर अर्धं लिंबू पिळलं. जिथे थेंब पडला तिथे पुन्हा पिवळं. सून खाली बसून बघतच राहिली. "बघ," ही म्हणाली, "साबणाला रागावून लाल व्हती, लिंबानं ताळ्यावर येती. माझ्यागतच हाय." मी बाहेरून म्हणालो, "तू कुठल्या लिंबानं ताळ्यावर येतीस ते सांग, झाड लावतो." ती खूप हसली. मी तिला हसवलं असे प्रसंग आठवायला बसलो तर एका हाताची बोटंही भरायची नाहीत, म्हणून हा लिहून ठेवला.

त्याच सुनेच्या साखरपुड्याला मी काय केलं, तेही मग लिहिलं पाहिजे. त्या दिवसासाठी ही महिनाभर आधी एक लुगडं रंगवून बसली होती. कांद्याच्या सालीत तुरटी घालून काढलेलं. घासलेल्या पितळेसारखा रंग होता, आता कबूल करतो. बसला निघताना मी तिला अंगणात बघितलं आणि म्हणालो, "हे नेसून येणार? व्यापारी लोकं हायती ती. सालपटं नेसून आली म्हणतील." ती शेवंताक्काकडे गेली आणि तिची गुलाबी नायलॉनची साडी नेसून आली. साडी आखूड होती. जाताना बसमध्ये आणि तिथे पाटावर ती सारखी पायावर ओढून घेत होती. त्या दिवशी काढलेला तिचा तेवढा एकच धड फोटो आहे. आज भिंतीवर हार घालून लावलाय तोही तोच. शेजारणीच्या साडीतला.

हिरवं लुगडं मात्र तिने स्वतःसाठी केलं. नवऱ्याच्या आधी बाई गेली की तिला हिरवं नेसवतात, हळदकुंकू लावून, ओटी भरून पाठवतात. ते हिरवं माहेरचं असावं लागतं. हिच्या माहेरी उरला होता एक भाऊ. तोही दिग्गीचं घर बंद करून गोव्याला मजुरीला निघाला. जायच्या आधी बहिणीला भेटायला आला, तेव्हा पिशवीतून मांजरपाटाचं नऊ वार कोरं कापड काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "बाय, एवढंच हाय माझ्याकडं," म्हणाला. तो परत आलाच नाही, तिकडेच वारला. बातमी आली त्या दिवशी तिने ते कापड बाहेर काढलं. "झालं माझं म्हायेर," म्हणाली. "आता रंग तेवढा घालायचा ऱ्हायलाय."

त्या रंगासाठी तिने दोन वर्षं घालवली. चिंध्या बुडवून बघायची, नाक मुरडायची, टाकून द्यायची. कसा केला ते मला माहीत नव्हतं, मी विचारलंही नाही. शेवटी जमला तो मुगाच्या सालीसारखा हिरवा. चमक नाही, पण डोळ्याला थंड. तिने लुगडं अंगावर धरून मला दाखवलं.

"कसं दिसतंय?"

मी विडी शोधत होतो. "बरं हाय."

"माझ्यावर हेच घाला. दुकानातलं चकचकीत नको. माझं म्हायेर हाय ह्यात. तेवढं बगा."

"व्हय, व्हय. गप आता."

तिने घडी घातली, जुन्या धोतरात गुंडाळली आणि ट्रंकेच्या तळाला ठेवली. सगळ्या जन्मात तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. मुलगा तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मी मागे राहिलो. भात कापणीला आलं होतं आणि गोठ्यात दोन म्हशी होत्या. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही. तिच्यासाठी आपणही काहीतरी करावं असं वाटलं आणि मी तिची ट्रंक उघडली. कुबट वास आला. मनात म्हटलं, ती परत येईल तेव्हा तिने वासाच्या कपड्यांत कशाला राहायचं? सगळ्या बायका घालतात तसं आपणही उन्हात घालू. जी कापडं पिवळी होती ती मी आठवणीने पडवीत टांगली, हे खोटं सांगत नाही. हळद सावलीत, एवढं मलाही माहीत होतं. पण हे लुगडं हिरवं होतं. हिरव्यात हळद असते हे कळायला मी कधी तिच्या चुलीपाशी बसलोच नव्हतो.

कुंपणावर पसरलं आणि भात कापायला गेलो. संध्याकाळी आत घेतलं, सकाळी पुन्हा घातलं. असे तीन दिवस. शेतात वाकलेलो असताना मला बरं वाटत होतं की बघ, तिच्यासाठी कधी नव्हे ते एक काम केलं. तिसऱ्या संध्याकाळी लुगडं राखेसारखं दिसलं. वाटलं, धूळ बसली. झटकलं. परत झटकलं. मग घडीच्या पोटात दोन बोटं रुंदीची एक पट्टी दिसली. तिथे ऊन पोचलं नव्हतं. ती हिरवीगार होती.

तेव्हा कळलं. आधी हिरडा आणि मडक्यातलं कोयत्याचं पाणी, म्हणजे राख. तिच्यावर हळद. दोन्ही मिळून हिरवं. वरची हळद उन्हाने नेली आणि खालची राख मला ठेवली.

मी घडी घातली, ती हिरवी पट्टी वर येईल अशी घातली, आणि लुगडं परत तळाला ठेवलं. चोर ठेवतो तसं.

अकराव्या दिवशी मुलाने तिला धरून आणली. अर्धी झाली होती. खोलीत शिरली आणि म्हणाली, "ट्रंक उघडलीत व्हय?"

"जरा ऊन दाखवलं. वास येत होता."

"बरं केलंत."

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. आजही आहे.

त्यानंतर दोन-अडीच महिने ती घरात होती. मोठा हंडा उचलायची ताकद उरली नव्हती. चुलीपाशी पाट टाकून बसायची. मी शेतावरून यायचो तर चहाला हळदीचा वास. चहाचं पातेलं पिवळंधमक. मी ओरडलो, "चहात हळद घालतीस काय?"

"खोकल्याला बरी असती."

"मला खोकला न्हाई."

"मला हाय," ती म्हणाली. तिला खोकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तेच. मी चहा अंगणात ओतला. असं आठ-दहा वेळा झालं असेल. शेवटी मी म्हणालो, "मरताना तरी हे रंगाचं सोड." होय, असंच म्हणालो. मरताना. तिने बसल्या जागी पातेलं चुलीतल्या राखेने घासलं आणि राखेने लाल झालेलं हळदीचं पाणी मोरीत सोडलं. दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा तोच वास.

फाल्गुनात ती गेली. सकाळी पेज प्याली, भिंतीला टेकून बसली आणि तशीच राहिली. मी गोठ्यात होतो.

मुलगा-सून रामनगरहून आली. घर भरलं. येणारी प्रत्येक बाई म्हणत होती, "भाग्यवान गं, अहेव गेली." आंघोळ घालून झाल्यावर शेवंताक्का सरळ ट्रंकेपाशी गेली. तिला माहीत होतं. तिने धोतरातलं गाठोडं सोडलं, लुगडं झटकलं आणि तिचे हात तिथेच थांबले. सगळं लुगडं राखी. बायकांत कुजबूज झाली. एक पाहुणी म्हणाली, "सवाष्णीला हे असलं? रांडमुंडीचं दिसतंय."

शेवंताक्का लुगडं उलगडत गेली. आणि पदराकडून हिरवं निघालं. ती दोन बोटांची पट्टी नव्हे. दोन-तीन हात लांब, मुगाच्या सालीसारखं, थंड. पण एकसारखं नाही. पट्ट्या-पट्ट्यांचं, जसं कोणी वीत-वीत बुडवून काढलंय. पहिल्या पट्ट्या गडद, मग फिकट, शेवटची तर नुसती पिवळट. "एक कापड, एक हंडा," असं म्हणणारी बाई ती. तुकड्या-तुकड्याने रंगवलेलं कापड तिने हातात धरलं नसतं.

शेवंताक्काने कापड नाकाशी नेलं. "ताजी हळद हाय," ती हळूच म्हणाली. "चहाच्या पातेल्यात मावंल तेवढंच बुडवत बसली गं ही." मग माझ्याकडे वळली. "अण्णा, ह्याला उन्हात कुणी घातलं हुतं?"

मी जमिनीकडे बघत राहिलो.

म्हणजे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मला एका शब्दाने बोलली नाही. माझा ओरडा खाल्ला, चहा अंगणात ओतलेला बघितला, आणि मी शेतात गेलो की ती माझी चूक वीत-वीत पुसत बसली. पुरं करायला ती पुरली नाही.

सुनेने येताना रामनगरहून हिरवी साडी आणली होती. पिशवीतून काढली तशी चकाकली. मुलाने विचारलं, "अप्पा, कुठलं नेसवायचं?" सगळे माझ्याकडे बघू लागले. शेवंताक्का म्हणाली, "हेच नेसवू. पदर हिरवा हाय, तो वर घेऊ. राखी आत जाईल." खरंच गेलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. 'तेच घाला,' एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. पण मग कोणीतरी पुन्हा विचारलं असतं की हे असं कसं झालं, आणि चारचौघांत मला सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "नवं घाला."

"अण्णा, निदान पदर तरी अंगावर टाकू," शेवंताक्का म्हणाली.

"नको. सुनेनं हौसेनं आणलंय."

सुनेच्या डोक्यावर खापर ठेवून मी मोकळा झालो. दिग्गीकारीण दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या साडीत घराबाहेर पडली, आणि दोन्ही वेळा मीच नेसवली. चितेवर सगळ्यात आधी ते चकचकीतच गेलं. एका फुंकरीत.

लुगडं माझ्याकडे राहिलं. मध्ये जोयड्याला फिरायला आलेल्या शहरातल्या दोन पोरी विचारत-विचारत माझ्या दारात आल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथली आजी स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा रंग करायची. मी लुगडं दाखवलं. त्यांना त्या हिरव्या पट्ट्या फार आवडल्या. मुद्दाम तशा काढल्यात असं वाटलं त्यांना. "आजोबा, अंगणात घेऊ या? उजेडात फोटो चांगला येईल."

"पडवीतच काढा," मी म्हणालो. "हळदीला ऊन सोसत न्हाई."

एकीने ते लगेच मोबाईलमध्ये लिहून घेतलं. "किती सुंदर बोललात," म्हणाली. हे वाक्य माझं नाही, एवढंसुद्धा मी सांगितलं नाही.

यंदाही दसऱ्यानंतर ऊन पडलं आणि गावाने ट्रंका उघडल्या. मी माझे कपडे पडवीच्या आत, तिच्या दोरीवर टाकले. शेवंताक्का आता थकली आहे, तरी कुंपणापर्यंत येते. लुगडं उन्हात कुणी घातलं, हा प्रश्न तिने मला परत कधी विचारला नाही. नुसती ओरडते, "अण्णा, तुमच्या पंच्यात कुठं हळद हाय? काढा की भायेर!"

मी काढत नाही. पंचा दोन दिवस सुकत नाही. कुबट वास मारतो. तसाच खांद्यावर टाकतो आणि म्हशी सोडायला जातो.